निळा खांब

दक्षिण इटलीतल्या स्पेक्यारोसा गावात बोअर नाही. एकसुद्धा नाही. पहिल्याच सकाळी चौकातल्या कॉफीच्या दुकानात जमलेल्या झाडून सगळ्यांनी दोराला हे सांगितले, आणि सांगताना एकाचीही पापणी लवली नाही.

"बोअर?" नगराध्यक्ष इप्पात्सियो च्युल्लोने तो शब्द असा उच्चारला, जणू ते कुठल्या परमुलखातल्या फळाचे नाव आहे. "डॉक्टरबाई, आमच्या बापजाद्यांनी गच्चीवरचं पावसाचं पाणी हौदात साठवून जन्म काढले. इथं बोअर कोण मारणार?"

दोराने रस्त्यापलीकडच्या परसाकडे बोट केले. मे महिना अर्धा सरला होता, मार्चपासून पावसाचा टिपूस नव्हता, आणि तिथे भोपळ्याचे वेल कुंपणावरून ओसंडून रस्त्यावर उतरले होते.

"ते दवावर येतात," दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडचं दव जरा जाड असतं," कोपऱ्यातून कोणीतरी भर घातली. सगळे हसले.

दोरा हसली नाही आणि चिडलीही नाही. खोटे बोलणाऱ्यांवर ती चिडत नसे. चिडायला समोरचा माणूस निदान आपल्या बरोबरीचा वाटावा लागतो. तिने बर्फातली कॉफी संपवली, यंत्राची पेटी उचलली आणि व्हॅनकडे निघाली.

तिचे पूर्ण नाव आद्दोलोराता रित्सेल्लो. लेच्चे शहरातल्या एका भूजल प्रयोगशाळेचे तांत्रिक साहाय्य पथक तिच्या हाताखाली होते. पथक म्हणजे ती स्वतः, दोन मदतनीस, एक जुनी व्हॅन आणि जमिनीत वीज सोडून खालच्या पाण्याचा माग काढणारे यंत्र. ज्या गावाला गरज असेल त्या गावात जायचे, मोजमाप करायचे, चित्र हातात द्यायचे. तिने आयुष्यात कोणाची नाडी धरली नव्हती, पण या भागात विद्यापीठाची पदवी असलेला कोणीही डॉक्टर असतो. समोर डॉक्टरबाई म्हणायचे आणि पाठ वळली की सरकारी चोंबडी म्हणायचे, हा शिरस्ता तिला पाठ होता.

या वेळी काम साधे नव्हते. रोगाने गावातली ऑलिव्हची झाडे मारली होती. पिढ्यान्पिढ्यांची खोडे राखाडी होऊन उभ्या जागी वाळली होती. त्यांच्या जागी गावातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने डाळिंब लावले होते, आणि डाळिंबाला पाणी लागते. संस्थेला एका बोअरची परवानगी मिळाली होती. एकच. येत्या जानेवारीपासून किनाऱ्याचा सगळा पट्टा नव्या बोअरसाठी बंद होणार होता. म्हणजे जागा चुकली तर दुसरी संधी नाही, आणि टँकरच्या पाण्यावर एक उन्हाळा कसाबसा काढलेली ती रोपे दुसरा उन्हाळा काढणार नाहीत.

जागा चुकणे तिथे फार सोपे होते. दोन समुद्रांमधल्या त्या चिंचोळ्या भूमीखाली सच्छिद्र चुनखडक, आणि खडकात दोन्ही किनाऱ्यांकडून समुद्र आत शिरलेला. पावसाचे गोडे पाणी त्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगते. कुठे साय जाड, कुठे नखाएवढी. बोअर पातळ जागी पडली की वर येतो तो समुद्रच.

म्हणून दोरा रेघ आखण्याआधी प्रत्येक गावात तोच प्रश्न विचारी : या रेघेच्या आसपास बोअर, लोखंडी पाइप, तारेचे कुंपण काही आहे का? रेघेवर खुंट्या ठोकायच्या, केबल जोडायची, दोन खुंट्यांतून वीज सोडायची आणि बाकीच्यांवर ती किती उमटते ते मोजायचे. कोरडा खडक वीज अडवतो, ओला जाऊ देतो, खारे पाणी तर तिला पायघड्या घालते. संगणक त्याचे चित्र काढतो. अडवणारे तांबडे, मधले हिरवे, जाऊ देणारे निळे. आणि जमिनीत उभा पुरलेला लोखंडी पाइप असला, तर तो खाऱ्या पाण्यालाही लाजवील इतकी वीज ओढून घेतो, चित्रात निळ्या खांबासारखा उभा राहतो, आणि न सांगितलेला पाइप पाणी म्हणून खपून जातो.

संस्थेचा अध्यक्ष पान्तालेओ मांका केबलचे रीळ खांद्यावर घेऊन तिच्याबरोबर चालत होता. पन्नाशीचा, रुंद मानेचा, कमी बोलणारा. खडक इतका कठीण की प्रत्येक खुंटीसाठी आधी ड्रिलने भोक पाडून त्यात ओली माती भरावी लागत होती. ते कामही त्याने मदतनिसांच्या बरोबरीने केले. दोराला तो पहिले काही तास बरा माणूस वाटला. मग ते त्याच्या डाळिंबांपाशी आले.

तिने एक पान तोडून उन्हात धरले. कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या.

"पाणी कुठलं देता?"

"टँकरचं."

"टँकरच्या पाण्यानं कडा अशा जळत नाहीत. मिठानं जळतात."

पान्तालेओने ते पान तिच्या हातातून घेतले, उलटसुलट केले. "ऊन आहे," तो म्हणाला.

रोपांच्या ओळीतून एक काळी नळी निघून दगडी कुंपणाच्या कडेकडेने गेली होती आणि पुढे शेजारच्या ओरोन्त्सोच्या बागेच्या भिंतीतल्या भोकात शिरली होती. दोराने नळीकडे पाहिले. दोरा नळीकडे पाहते आहे, हे पान्तालेओने पाहिले. दोघे पुढे चालू लागले.

दुपारनंतर व्हॅनमध्ये बसून तिने चित्र उघडले. पूर्वेकडे, दफनभूमीच्या रस्त्याला, गोड्या पाण्याचा पट्टा छान जाड होता. हिरवट, शांत, पसरट. किनाऱ्याकडे तो निमुळता होत गेला होता. आणि तिथेच, जिथे गावची गाडीवाट ओरोन्त्सोच्या भिंतीला लागून जाते, तिथे वरपासून खालपर्यंत एक निळा खांब उभा होता. अरुंद, ठसठशीत, शाळेतल्या मुलाने पट्टी लावून ओढावा तसा सरळ.

ती ओरोन्त्सोच्या फाटकाशी गेली. ओरोन्त्सो दे ज्योर्जी निवृत्त नगर पोलीस. साऱ्या हयातीत त्याने चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्या पर्यटकांना दंड केला होता आणि तेवढ्यावर गावात कायद्याचा माणूस म्हणून मिरवत होता. मागे लिंबांची बाग काळपट हिरवी चमकत होती. बागेच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, सिमेंटच्या पत्र्याचे कोंबड्यांचे खुराडे होते.

"तुमच्या जागेत पाइप आहे का? बोअरचा, जुना, कसलाही?"

"बाई, मी तीस वर्षं वर्दी घातली."

"म्हणूनच विचारते."

"या गावात कायदा मोडणारे पुष्कळ आहेत. मी नाही." त्याने पिशवी पुढे केली. "लिंबं घ्या. खत नाही, काही नाही."

"पाणीही नाही."

"देवाची कृपा आहे," ओरोन्त्सो म्हणाला.

पथकाचा एक जुना नियम होता. जो माणूस बोअर दाखवील त्याचे नाव आणि ज्याची बोअर असेल त्याचेही नाव पथक कुठे लिहीत नाही, सभेत किंवा कोणा अधिकाऱ्यापुढे उच्चारत नाही. हा नियम मोडला तर पुढच्या गावात कोणी दारातही उभे करणार नाही. दोराने संध्याकाळी कॉफीच्या दुकानात तो नियम मोठ्याने सांगितला आणि कोपऱ्यातले टेबल धरून बसली. माणसे एकेकटी यायला लागली.

"माझं नाव नको यायला," बेकरीवाली विधवा म्हणाली, "पण ओरोन्त्सोच्या खुराड्याखाली जाऊन बघा. कोंबड्या कशाला पाळल्यात असं वाटतं? मोटारीचा आवाज झाकायला."

"आणि तुमच्याकडे?"

"माझ्याकडे काय असणार, मी एकटी बाई."

ती गेल्यावर ओरोन्त्सोचा चुलतभाऊ आला आणि त्याने बेकरीमागची बोअर सांगितली. भट्टीच्या लाकडांखाली, झाकणावर मेरीमातेची तसबीर ठेवलेली. मग खुद्द ओरोन्त्सो आला. इकडेतिकडे बघत खुर्चीच्या टोकावर टेकला आणि नगराध्यक्षाच्या पोहण्याच्या तलावात पाणी कुठून येते याचा विचार कोणीतरी करायला हवा, असे म्हणाला. सगळ्यात शेवटी नगराध्यक्ष आला.

"सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे म्हणून बोलतो," इप्पात्सियो म्हणाला, आणि मग ओरोन्त्सोवर बराच वेळ बोलला.

जेवणाच्या वेळेपर्यंत दोराकडे गावातल्या बोअरचा नकाशा पूर्ण झाला होता. स्वतःची बोअर एकानेही सांगितली नव्हती, तरी एकही सुटली नव्हती. फक्त पान्तालेओच्या नावावर कोणी काही सांगितले नाही. त्याच्याकडे खरेच नव्हती. तो बापडा दुसऱ्याच्या चोरीच्या पाण्यावर जगत होता.

एक उपाय अजून होता. लोखंड चुंबकीय मापकाला सापडते. भिंतीच्या कडेने तासभर मापक फिरवला असता तर पाइपची जागा वीतभर अंतरापर्यंत कळली असती, आणि कोणाचे नाव घेण्याची गरज पडली नसती. दोराने ही गोष्ट त्या संध्याकाळी तिथेच, दुकानात, मदतनिसाला सांगितली. ती तिची चूक. सकाळी ती मापक घेऊन गेली तेव्हा भिंतीलगत एक गंजका ट्रॅक्टर, दोन नांगर, लोखंडी पलंगाचे सांगाडे आणि कोणाचीतरी चाके नसलेली फियाट गाडी अशी रांग लागली होती. गावातले सगळे भंगार एका रात्रीत तिथे फिरायला आले होते.

"हे काय?" तिने विचारले.

"भंगारवाला यायचाय," ओरोन्त्सो म्हणाला.

"कधी?"

"त्याचं काही सांगता येत नाही."

यंत्राचा काटा वेड्यासारखा नाचला. दोराने ते बंद करून पेटीत ठेवले. एका रात्रीत इतके लोखंड हलवायला निदान दहा माणसे लागली असतील, असा तिने हिशेब केला. यातली बहुतेक आदल्या संध्याकाळी तिच्या टेबलाशी येऊन ओरोन्त्सोची चुगली करून गेली होती.

जागा ठरवायच्या बैठकीला उत्तरेतल्या तुरीनहून प्रकल्पाचे सल्लागार, प्राध्यापक कोर्रादो आइरोल्दी, आले. जागेवर अखेरची सही त्यांची होती. पांढरा सुती कोट, मृदू आवाज, दक्षिणेकडच्या माणसांवर उदंड प्रेम. साहाय्य पथकाकडून चित्रे यायची, ते ती वाचायचे, अशी कामाची वाटणी होती. निळा खांब पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"किती सुंदर," ते म्हणाले. "खडकातली उभी फट, पाण्यानं काठोकाठ भरलेली."

"सर, तो बोअरचा केसिंग पाइप आहे."

"कोणाचा?"

नाव न घेण्याचा नियम तिचाच होता.

"फटी अशाच असतात, रित्सेल्लो. मी अशा पुष्कळ पाहिल्यात."

"मीही पाहिल्यात. त्या इतक्या सरळ नसतात."

"शंका घेणं चांगलं," प्राध्यापक उदारपणे म्हणाले. "मी गावकऱ्यांनाच विचारतो. त्यांच्याइतकी आपल्या जमिनीची माहिती कोणाला असणार?"

बैठक संस्थेच्या बंद पडलेल्या तेलघाण्यात होती. सुरू व्हायच्या आधी दोराने पान्तालेओला दगडी जात्यामागे गाठले.

"तुम्ही ओरोन्त्सोच्या बोअरचं पाणी रोपांना घालता. ते खारं आहे, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. आता त्याच्यापासून चार पावलांवर संस्थेची बोअर मारताहेत. तेच पाणी येणार."

पान्तालेओ टोपी हातात फिरवत राहिला.

"मी सभेत नाव घेऊ शकत नाही. तुम्ही घेऊ शकता. उभं राहून एक वाक्य बोला : ओरोन्त्सोकडे बोअर आहे. बस. बोअर पूर्वेला सरकेल, रोपं वाचतील."

"माझ्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी ओरोन्त्सोनं हातात धरलं होतं," पान्तालेओ म्हणाला. "तिचा धर्मपिता आहे तो. सख्ख्या भावाशी भांडता येतं, बाई. त्याच्याशी नाही."

"भांडायला कोण सांगतंय?"

"आणि उद्यापासून तो नळी बंद करील."

"बरं होईल. ती नळीच रोपं मारतेय."

"हळूहळू मारतेय," पान्तालेओ म्हणाला. त्याला हा मोठाच मुद्दा वाटत असावा. मग त्याने आशेने विचारले, "प्राध्यापक म्हणतात फट खोल आहे. खोल गेल्यावर वेगळं पाणी लागत असेल ना?"

"खोल गेल्यावर समुद्र लागतो."

"बघू," तो म्हणाला, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

प्राध्यापकांनी चित्र भिंतीवर पाडले. निळा खांब पाहून सभेत कौतुकाची कुजबुज झाली. गावाने तो लगेच ओळखला. खुराड्याखालच्या पाइपला इतका देखणा फोटो मिळेल असे कोणाला वाटले नव्हते.

"एक प्रामाणिक प्रश्न विचारतो," प्राध्यापक म्हणाले. "आमच्या सहकारी म्हणतात हा लोखंडी पाइप आहे. इथं आसपास पाइप किंवा बोअर कोणाला माहीत आहे का? असेल तर आत्ताच सांगा. कोणावर कारवाई होणार नाही, मी शब्द देतो."

नगराध्यक्षाने छताकडे पाहिले. बेकरीवालीने पर्स उघडून बंद केली. ओरोन्त्सो तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता, कपाळावर घाम. ही बोअर आपल्या भिंतीशी नको, असे सगळ्या गावात त्याच्याइतके कोणाला वाटत नव्हते, आणि का नको हे सांगायची सोय सगळ्या गावात त्यालाच सर्वांत कमी होती.

"नाही," नगराध्यक्ष म्हणाला. "या गावात बोअर नाही."

"नाही," सभेने दुजोरा दिला.

दोरा उठली. तिने पूर्वेकडचा भाग भिंतीवर मोठा करून दाखवला, दफनभूमीच्या रस्त्यालगतच्या पडीक तुकड्यावर बोट ठेवले, किती खोलीवर थांबायचे ते सांगितले. गोडे पाणी का आहे, किती जाड आहे, सगळे साध्या शब्दांत. ऐकणाऱ्यांत कोणी घड्याळ पाहत होते, कोणी शेजाऱ्याला संध्याकाळच्या फुटबॉल सामन्याचे विचारत होते. पान्तालेओ पहिल्या रांगेत मिठाची गुळणी धरून आपल्या बुटांकडे बघत होता.

मग हात वर झाले. फटीच्या बाजूने सगळे. ओरोन्त्सोचाही वर झाला, कारण तो एकटाच खाली राहिला असता तर दिसला असता. पान्तालेओने सर्वांत शेवटी वर केला, खांद्यापर्यंतच, पण केला.

प्राध्यापकांना गहिवरून आले. "लोकांचा असा एकमुखी विश्वास मी कुठं पाहिला नाही," ते म्हणाले. दोराने केबल गुंडाळली. इतक्या माणसांनी मिळून एका माणसाला फसवायचे आणि त्यात आपलेच पाणी घालवायचे, याला निदान थोडी अक्कल लागत असेल अशी तिची समजूत होती. लागत नाही.

बोअरची गाडी जूनच्या सुरुवातीला आली. पाद्री आला, त्याने गाडीवर पवित्र पाणी शिंपडले. नगराध्यक्ष पदाचा तिरंगी पट्टा घालून आला. बेकरीवालीने क्रीम भरलेल्या गरम पेस्ट्र्यांचे तबक आणले. दोराला यायचे नव्हते, पण पाण्याची क्षारता मोजून देणे साहाय्य पथकाच्या कामात मोडत होते. ती मीटर घेऊन सावलीत उभी राहिली.

रॉडमागून रॉड खाली गेला. चुनखडीचा पांढरा धुरळा उडाला, मग ओला झाला. चालकाने कॉम्प्रेसरचा दाब वाढवला. त्या खडकात सगळीकडे बारीक फटी असतात, याबाबतीत प्राध्यापकांचे काहीच चुकले नव्हते. खाली कोंडलेली हवा वाट शोधत गेली आणि चार पावलांवर तिला तयार वाट मिळाली.

आधी भिंतीपलीकडे कोंबड्या ओरडल्या. मग खुराड्याचा पत्रा वर उचलला गेला, उभा राहिला आणि लिंबांवर जाऊन पडला. त्यामागून दुधासारख्या चिखलाचा लोट निघाला, झाडांच्या वर गेला आणि पावसासारखा सगळ्यांवर पडला. पाद्र्यावर, पट्ट्यावर, पेस्ट्र्यांवर. चालकाने कॉम्प्रेसर बंद केला. लोट खाली बसला. खुराड्याच्या जागी हातभर उंचीचा लोखंडी पाइप उघडा पडला होता, त्यातून मोटारीची काळी केबल लोंबत होती, आणि शेजारी एक ओली कोंबडी उभी होती.

साऱ्या गावाने भिंतीवरून पाइप पाहिला. ओरोन्त्सोने पाहिला. पान्तालेओने पाहिला.

"झरा," नगराध्यक्ष म्हणाला.

"झराच," बेकरीवाली म्हणाली. "माझी आजी सांगायची, इथं झरा होता म्हणून."

"वाहता झरा," मागून आवाज आला.

दोराने प्राध्यापकांकडे पाहिले. त्यांना कळले होते. पाइप, केबल, चार पावलांचे अंतर, घाण्यातला एकमुखी विश्वास, सगळे त्यांच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक सरकत गेले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आधी चष्म्यावरचा, मग बुटांवरचा चिखल सावकाश पुसला. अहवालावर सही त्यांची होती.

"पाण्याचा स्थानिक उद्भव दिसतो," ते म्हणाले. "फट सलग आहे, हे सिद्ध झालं."

आत्तापर्यंत दोराला ते भाबडे वाटत होते. तेवढाही मान आता उरला नाही. पाद्री मात्र नेटका माणूस. त्याने दोन पावले सरकून भिंतीपलीकडेही पवित्र पाणी शिंपडले.

बोअर पूर्ण झाली. पाणी भरपूर लागले. धार स्वच्छ झाल्यावर दोराने बादलीत मीटर बुडवला, आकडा पाहिला आणि मोठ्याने वाचला. आकडा कोणाला समजला नाही, म्हणून तिने सांगितले, "यात सुके मासे खारवता येतील. झाडांना घालू नका."

पान्तालेओ पुढे आला. त्याने ओंजळ भरली, तोंडात घेतली. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो थुंकला नाही. त्याने ते गिळले, ओठ पुसले आणि म्हणाला, "थोडं जड आहे."

"वापरलं की गोड होतं," ओरोन्त्सो म्हणाला.

तीन आठवड्यांनी पान्तालेओ लेच्चेला, प्रयोगशाळेत आला. दोरा मागच्या खोलीत खुंट्यांना चिकटलेली माती खरवडत होती. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिने बसायला सांगितले नाही, तो स्टुलावर बसला.

"रोपं?" तिने विचारले.

"खालच्या दोन ओळी गेल्या. बाकीच्यांनी पानं टाकलीत. अजून हिरवी आहेत आतून, मी नखानं खरवडून बघतो." तो थांबला. "बाई, त्या दिवशी तुम्ही भिंतीवर एक जागा दाखवली होती. पूर्वेला."

"दाखवली होती."

"नेमकी कुठली?"

"तुमच्या पुढ्यात होती. सगळ्यात जवळ तुम्हीच बसला होता."

"मी खाली बघत होतो."

"हो. मी पाहिलं."

तिने एक खुंटी बाजूला ठेवून दुसरी घेतली. दफनभूमीच्या रस्त्याला जाऊन अंदाजाने भोक पाडून चालणार नव्हते. शंभर पावले इकडेतिकडे झाली तर कोरडा दगड, जास्त खोल गेले तर समुद्र. हे त्याला माहीत होते, म्हणूनच शर्टाला इस्त्री होती.

"तुम्ही परवानगीशिवाय खोदणार," ती म्हणाली.

"मी असं म्हटलं नाही."

"तुमच्याकडे कोणी कधी काही म्हणतच नाही."

पान्तालेओने मांडीवरची टोपी सारखी केली.

"जागा सांगते," दोरा म्हणाली. तिने खुंटी खाली ठेवली. "खोलीसुद्धा सांगते. माझी नोकरी जाऊ शकते, तरी सांगते. त्याआधी तुम्ही एक वाक्य बोला. इथं कोणी नाही. दार बंद आहे. बाप्तिस्म्याचा नातेवाईक साठ किलोमीटरवर आहे. घाण्यात बोलायचं राहिलं ते वाक्य."

"त्यानं आता काय होणार?"

"काही नाही. मला ऐकायचंय."

त्याने मान खाली घातली. हात गुडघ्यांवर ठेवले. रुंद मानेवर शीर तटतटली. तो प्रयत्न करत होता, हे दोराला कबूल करावे लागले.

"ओरोन्त्सो..." तो म्हणाला.

"हं."

"ओरोन्त्सोकडे..."

ती वाट पाहत राहिली. बाहेर रस्त्यावर कोणीतरी दुपारच्या सुट्टीसाठी दुकानाचे शटर ओढले.

"सगळ्या गावानं पाहिलंय, बाई," पान्तालेओ म्हणाला. "आता मीच कशाला बोलू?"

दोराने खुंटी उचलली आणि पुन्हा माती खरवडायला लागली. तो उठला. दाराशी पोचल्यावर त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"तुमचं बरं आहे. तुम्ही व्हॅन भरता आणि निघून जाता. मला त्याच लोकांत जगायचंय."

"कशावर?" दोराने विचारले.

त्याने टोपी डोक्यावर घातली, दार ओढून घेतले आणि जिना उतरून गेला.